गिटारीवरची झीज

८ फेब्रुवारी १९९७, शनिवार. कर्जत

यशोधरा बाळ, लिहायला इतका उशीर झाला म्हणून आधी माफी मागतो. वही देताना तू बजावलं होतंस की आजोबा, रोज दोन ओळी लिहा, परत आलात की मी पहिल्या पानापासून वाचणार. मी हो हो म्हणालो आणि आठ दिवस वही पिशवीतच राहिली. विमा एजंटानं दिलेली एवढ्या गुळगुळीत कागदाची डायरी, तिच्यावर चौथी शिकलेल्या माणसानं शाई सांडायची म्हणजे जिवावर येतं. पण आज दुपारी रंग वाळत ठेवलाय आणि मी मोकळा आहे.

प्रवास चांगला झाला. श्रीरामपूरहून नगर, तिथं गाडी बदलून कर्जत. खिडकीजवळ जागा मिळाली. वाटेत दोनदा पिशवी उघडून ब्लडप्रेशरच्या गोळ्या आहेत का बघितलं. होत्या. निघताना मागच्या दाराला कडी घातली की नाही ते मात्र अजून आठवत नाही. तू बघितलं असशीलच.

स्टँडवर श्रीमंत घ्यायला आला होता. इथल्या एका शाळेत शिपाई आहे, पस्तिशीचा, मऊ बोलणारा. त्याचा साडू आमच्या फर्निचरच्या कारखान्यात होता, त्यानं माझं नाव सांगितलं. पिशवी मला उचलू दिली नाही. वाटभर बाबा, सावकाश. बाबा, इथं गटार आहे. घर गावाच्या कडेला, दोन खोल्या आणि मागं पत्र्याची एक लहान खोली, दारात लिंबाचं झाड. आपल्याच समाजाचं घर. भिंतीवर बुद्धांचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो, आणि शेजारी कागदी फुलांचा हार घातलेला एक नवा फोटो. तो पंकज, श्रीमंतचा धाकटा भाऊ. चोवीस वर्षांचा. गळ्यात गिटार अडकवून हसतोय.

आता तुझ्यापाशी खरं सांगतो. घरी मी कपाटाला पॉलिश करायला चाललोय असं म्हणालो, ते खोटं. काम या गिटारीचं आहे. पंकज भीमगीतांच्या पार्टीत वाजवायचा. मागच्या वर्षी दोन मार्चला कार्यक्रमावरून येताना त्यांची जीप उलटली. पंकज गेला, गिटारीचे तुकडे झाले. श्रीमंतनं ते तुकडे त्याच्याबरोबर सरणावर ठेवले. आई रतनबाई तेव्हा शुद्धीवर नव्हत्या. नंतर त्यांनी गिटार कुठं म्हणून विचारलं, तर श्रीमंतच्या तोंडून निघून गेलं की पार्टीवाल्यांकडे आहे, आणतो. ते आणतो, आणतो वर्षभर चाललं. आता बाईंनी जेवण एका वेळेवर आणलंय, तेही अर्धी भाकरी. म्हणतात, वर्षाच्या पुण्यानुमोदनाला फोटोजवळ गिटार दिसली पाहिजे. म्हणून श्रीमंतनं पुण्याहून तशीच एक आणली. पण ती नवी कोरी, लालभडक. तिची दोन मार्चच्या आत पंकजची जुनी गिटार करायची. आईला सांगितलंय की अपघातात थोडी मोडली, डागडुजीला पॉलिशवाले बाबा आलेत.

लबाडी आहे, मला कळतं. पण बाई जेवतील.

रतनबाई साठीच्या. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलंय, दुसऱ्यात मोतीबिंदू. मी जयभीम केला तर हात पुढं करून माझा पंजा चाचपला आणि म्हणाल्या, दादा, लई खडबडीत हात हाय तुमचा, कामाचा मानूस दिसताय. मला बरं वाटलं. घरी तुझा बाप बसून खा म्हणतो. इथं कुणीतरी हातावरून ओळखलं.

९ फेब्रुवारी, रविवार

गिटार म्हणजे मी पोटाचा पोकळ डबा समजत होतो. ही विजेची. हिला पोटच नाही, अख्खी फळी आहे. मागचे चार स्क्रू काढले की मान वेगळी होते. तारा, चुंबकं, खुंट्या श्रीमंतनं काढून डब्यात ठेवल्या. माझ्यापुढं नुसतं धड.

लाल रंग थिनरनं मऊ करून पत्रीनं खरवडला, मग काचपेपर. खालचं लाकूड बरं निघालं, हलकं, सरळ रेषांचं. फोटोतल्यासारखा मधे मधाचा रंग आणि कडेला काळपट असा पिवडी, गेरू आणि काजळी कालवून बसवला. वर लाखेचे आणि लॅकरचे हात. हे सगळं मला येतं. आमच्या कारखान्यात एकदा आठ दिवसांत आठ नव्या खुर्च्या आजोबांच्या वेळच्या करून दिल्या होत्या मी.

अडचण मागच्या बाजूची. फोटोत पुढची बाजू दिसते, मागची कशी असेल? पण रतनबाईंनीच सांगितलं. त्या दारात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, मोडलं ते जोडा दादा, पन माझ्या लेकराच्या खुना पुसू नका. पाठीवर त्याच्या पट्ट्याच्या बक्कलाचे ओरखडे हायत, ते असू द्या. वरच्या कडेला हात टेकून टेकून रंग गेलाय, तिथं लाकूड कसं गालावानी लागतं. रोज पुसायचे ना मी, मला बोटानं सगळी पाठ हाय.

म्हणजे डोळ्याला फसवायचं नाहीच, बोटाला फसवायचंय. ते जड.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जुन्या लॅकरला तडे असतात, केसासारखे बारीक. ते आणायचे तर गिटार दुपारी पत्र्यावर तापवायची आणि एकदम बर्फ लावायचा. स्टँडजवळच्या गोळेवाल्याकडून लादीचा तुकडा आणला. तो म्हणाला, आजोबा, दात हायत का बर्फ खायला? मी म्हणालो, खायला नाही, लाकडाला हुडहुडी भरवायचीय. बर्फ लावल्याबरोबर टक् टक् आवाज होत गेले आणि जाळं पसरलं. चांगलं झालं.

लोखंडी भाग मिठाच्या पाण्यातून काढून युरियाच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेत. दोन दिवसांत गंज धरेल.

शेजारच्या छबूबाई दूध घालायला येतात. शेतकरी घरची बाई, तोंडानं फटकळ. श्रीमंतनं त्यांना गुपित सांगितलंय. मला म्हणाल्या, बाबा, दुनिया जुन्याचं नवं करती, तुमी नव्याचं जुनं करताय, डोकं ठिकानावर हाय ना? मी म्हणालो, डोकं जुनं आहे म्हणूनच जमतंय. हसून हसून त्यांच्या चरवीतलं दूध सांडलं.

गुडघा फार दुखतो. इथलं पाणी जड आहे का विचारायला पाहिजे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हाताची झीज जमत नव्हती. काचपेपरनं घासलेली जागा बोटाला खरखरीत लागते, कड धरते. माणसाच्या अंगानं झिजलेली जागा कुठं सुरू होते ते कळतच नाही. उंबऱ्याची झीज बघ तू कधी.

मग मी ठरवलं की अंगाची झीज अंगानंच द्यायची. श्रीमंतकडून पंकजचा बक्कलाचा पट्टा आणि लांब बाहीचा शर्ट मागून घेतला. ट्रंकेत घडी घालून ठेवलेला होता. तो देताना कचरला, मी म्हणालो, अरे, कामासाठी. शर्ट घातला, पट्टा बांधला, स्टुलावर बसून धड मांडीवर घेतलं, उजवा हात कडेवर टाकला आणि विटेची वस्त्रगाळ पूड घालून पुढं मागं, पुढं मागं. दोन तास. मग बाही वर सारून नुसत्या घामाच्या हातानं. असं रोज करायचं.

हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं मीच काढलंय. अडुसष्टाव्या वर्षी नवी युक्ती सुचली याचा थोडा गर्व झाला, लिहितो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

झीज अशी उतरली आहे की मलाच हात फिरवत बसावंसं वाटतं. पाठीवर बक्कलाचे ओरखडेही आपोआप येताहेत.

गुडघ्याचं दुखणं थांबलं. काल विहिरीपर्यंत जाऊन आलो आणि परत आल्यावर लक्षात आलं की काठी घरीच होती. छबूबाई म्हणाल्या, कर्जतचं पानी मानवलं बाबा तुमाला.

एक चमत्कारिक गोष्ट. माझ्या उजव्या अंगठ्यावर पटाशी लागल्याची वाकडी खूण आहे, तू लहानपणी तिला गांडूळ म्हणायचीस. आज दिसेना. चष्मा पुसून बघितलं. सूज उतरल्यानं कातडी सरळ झाली असेल.

गिटारीच्या खालच्या कडेला एक वाकडा ओरखडा आहे. तो मी दिलेला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डाव्या मनगटावरचा स्पिरिटनं भाजल्याचा डाग गेला. चाळीस वर्षांचा डाग. आणि गिटारीच्या मानेशेजारी शिंगासारखं टोक असतं, त्यातल्या डाव्या टोकाजवळ तेवढाच, तसाच, जळाल्यासारखा काळा डाग. रतनबाईंना आडून विचारलं की पंकज बिडी-सिगारेट ओढायचा का. त्या चिडल्या. म्हणाल्या, माझ्या लेकरानं कधी सुपारीसुदिक खाल्ली न्हाई.

दोन्ही जागा शेजारी शेजारी धरून बघितल्या. अंगठ्याची खूण, तो ओरखडा. मनगट, तो डाग. माप एक आहे.

मी हात धुतले आणि अंगणात येऊन बसलो. भीती वाटली असं लिहायला लाज वाटते. सत्तावन्न साली माझ्या बापानं घरातले देवांचे सगळे टाक पाटीत घालून नदीत सोडले, तेव्हा पाटी मी धरली होती. त्यानंतर आपल्या घरात कधी उतारा नाही, अंगारा नाही. भूत म्हणजे मनाचा आजार, असं मीच तुझ्या बापाला शिकवलं. आता कुणाला सांगू? छबूबाईंनी माझा चेहरा बघून आपणच विषय काढला. म्हणाल्या, शिंगणापूरला शनीला तेल वाहा, तुमच्या वाटंवरच हाय. मी नाही म्हणालो. असला इलाज ज्यांचा त्यांना होत असेल, आमची ती वाट बंद आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काम संपवलं. लवकर सुटावं म्हणून सकाळीच मान जोडली, गंजलेल्या खुंट्या बसवल्या, श्रीमंतनं तारा ओढल्या आणि गिटार रतनबाईंच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी आधी पाठ चाचपली. मग वरची कड. तिथं गाल टेकवला आणि तशाच राहिल्या. श्रीमंत भिंतीकडे तोंड करून उभा. थोड्या वेळानं म्हणाल्या, श्रीमंता, भाकरी वाढ. दोन भाकरी खाल्ल्या बाळ, वर वाटीभर दूध. श्रीमंत माझ्या पायाशी वाकला. त्या घटकेला सगळी भीती विसरलो मी.

मग उन्हात ती कड दिसली. उघड्या लाकडात हिरवट रेषा आहेत. अक्षरासारख्या. माझ्या उजव्या हातावर जत्रेत गोंदवलेलं तुझ्या आजीचं नाव आहे, चांगुणा. बाही वर केली. नाव आहे, पण पाण्यात भिजल्यासारखं फिकट.

उद्या निघतो म्हणालो. रतनबाई म्हणाल्या, पुण्यानुमोदन झाल्याबिगर कसे जाल. श्रीमंतनंही हात जोडले. नाही म्हणता आलं नाही. पण यापुढं गिटारीला हात लावणार नाही.

गोळेवाल्यानं आज मला भाऊ म्हणून हाक मारली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हात न लावताही होतंय.

माझा जुना खोकला गेला. चष्म्याशिवाय हे लिहितोय. अक्षर बघ, कसं ओळीत येतंय. आरशात कानामागचे केस काळे आहेत.

गिटार मात्र रोज जुनी होतेय. मी दिले त्यापेक्षा दुप्पट तडे. मानेजवळ लाकूड सुरकुतलंय. दुपारी घरात कुणी नसताना तिच्यातून कुरकुर येते, माझ्या छातीतून यायची तशी. जवळ गेलो तर वास आला, मी गुडघ्याला लावतो त्या मलमाचा.

रतनबाईंनी माझं धोतर धुवायला टाकलं आणि पंकजची पँट काढून ठेवली. म्हणाल्या, वाळंपातूर घाल. घाल म्हणाल्या. आजवर घाला म्हणायच्या.

मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, मला म्हाताराच घरी यायचंय. तुला ओळखू आलो पाहिजे. दुसरं काही नको.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गिटारीच्या कडेवर नाव स्पष्ट उमटलंय. चांगुणा. श्रीमंतला विचारलं की पंकजचं या नावाच्या कुणा मुलीशी जमलं होतं का. तो म्हणाला, असली कुणी नव्हती. मग हे नाव कुणी घातलं? रतनबाईंच्या बोटाला लागलं तर काय सांगायचं?

पिशवीत कसल्या तरी गोळ्या सापडल्या. श्रीमंतला दिल्या, ज्याच्या असतील त्याला दे म्हणून.

हात अगदी स्वच्छ आहेत. बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत, डाव्या हाताच्या. दुखत नाहीत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वही पहिल्यापासून वाचली. देवा — नाही, देव नाही म्हणायचं.

चांगुणा माझी बायको. मी तिचं नाव दुसऱ्याच्या पोरावर घातलं. बेचाळीस वर्षांचा संसार आणि काल मी विचारलं, ही कोण.

वाचून कळलं, पण आठवलं नाही. नुसती अक्षरं आहेत. चेहरा येत नाही.

हा जुनेपणा मी केलेला नाही. तो कुठून तरी येत होता, माझ्यातून येत होता. पट्टा त्याचा, शर्ट त्याचा, आणि झिजायला अंग माझं बसवलं. मीच बसवलं.

एक करता येईल. वर नव्या लॅकरचा हात द्यायचा. जाड. तडे बुजले, खुणा दबल्या, तर कदाचित —

२६ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी रतनबाई पडल्या होत्या तेव्हा दिला. तीन हात. एक वाळला की दुसरा.

तिसऱ्या हाताला गुडघ्यात कळ आली. बाळ, मी ओरडलो आनंदानं! खोकला आला. अंगठ्यावर गांडूळ. आणि चांगुणा — पेरूची पाटी घेऊन स्टेशनवर बसलेली, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडतोय आणि ती पाटीतले पेरू झाकायचे सोडून माझ्याकडे बघून हसतेय. दातात फट. आठवली. सगळी आठवली.

काठी शोधली. छबूबाई बघून म्हणाल्या, अगं बया, बाबा, आज लई थकल्यावानी दिसताय! त्या बाबा शब्दाला मी रडलो.

उद्या पहिल्या गाडीनं निघतो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रतनबाईंनी सकाळी गिटार हातात घेतली आणि टाकून दिली. ही न्हाई, ही न्हाई माझ्या पंकजची, गुळगुळीत कुनाची आनली, म्हणत डोकं आपटलं. पाण्याचा घोटसुद्धा घेईनात.

श्रीमंत थिनरचा डबा घेऊन आला. मी आडवा आलो. सांगितलं सगळं, हात दाखवले. त्यानं ऐकून घेतलं. त्याला ठाऊक होतं, बाळ. रोज तोंडावर दिसतंच होतं त्याला. मऊपणानं म्हणाला, बाबा, म्हातारपण जातंय तर जाऊ द्या की. त्याच्यासाठी कोण रडतं? लोक देवाकडं मागतात असलं. आई तेवढी पोटभर जेवू द्या.

मी म्हणालो, अरे, ते माझं आहे. अडुसष्ट वर्षं आहेत ती. माझी माणसं त्यातच आहेत, दुसरीकडं कुठं ठेवलेली नाहीत.

त्यानं मला हातानं बाजूला केलं. हलकेच, म्हाताऱ्याला करतात तसं. शेवटचं. मग पुसायला लागला. अंगातल्या सदऱ्यानं. मी बघत होतो आणि पेरूची पाटी — पाटी होती, धरणारी —

पुसून झालं. बाई जेवल्या.

२८ फेब्रुवारी

स्टँडवर गेलो. गाडीत बसलो. कंडक्टर म्हणाला, कुठं रे पोरा? सांगता येईना. पिशवी उघडली, वहीत असेल म्हणून. तो म्हणाला, अरे लवकर बोल, का घरातून पळून चाललास? लोक हसले.

वहीत सापडलं, श्रीरामपूर. पण तिथं कुणाकडं? तू कशी दिसतेस? समोर आलीस तर मी कुणाला हाक मारणार, आणि तू तरी चोवीस वर्षांच्या पोराला आजोबा कशी —

माझं जे काही आहे ते त्या गिटारीवर आहे. ती सोडून कुठं जाऊ.

उतरलो.

दारात छबूबाई. म्हणाल्या, आलास का लेकरा, तुजी आय वाट बघती. आणि मग तोंडावर हात ठेवून माझ्याकडं बघत मागं मागं गेल्या. दूध तिथंच टाकून.

१ मार्च

भिंतीवरचा फोटो काढलाय. हार चुलीत.

उद्याचा कार्यक्रम रद्द. श्रीमंत सांगून आला सगळ्यांना. काय सांगितलं ते माहीत नाही.

गिटार कोपऱ्यात, घोंगडीत गुंडाळून. बाई तिच्याकडं बघत नाहीत आता. तिची गरज नाही. मी जवळ जाऊन बसलो. कुरकुरत होती. उचलली, मांडीवर घेतली, मला येत नाही वाजवायला, कधीच —

बोटं गेली.

गाणं मला ठाऊक नव्हतं. शेवटपर्यंत वाजवलं.

श्रीमंत दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, पंक्या, दुसरी तार उतरलीय. रडत होता. हसत होता —

२ मार्च

छबूबाईंच्या हाती वही देतो. त्या घरात येत नाहीत, कुंपणापाशी उभ्या आहेत, पोस्टात टाकते म्हणाल्या. पहिल्या पानावर तुझं नाव आहे आणि पत्ता. म्हणून तुला.

यशोधरा, तू कोण ते मला माहीत नाही. पण या वहीत एक म्हातारा आहे, तो तुझा आहे. त्याला बोलाव. तू स्वतः येऊ नकोस, इथं येऊ नकोस, नुसता निरोप पाठव. लवकर पाठव. तू त्याला काय हाक मारायचीस ते मोठ्या अक्षरात लिही. मी वाचेन, मोठ्यानं वाचेन, त्यानं कदाचित —

ताट वाढलंय. बाई बोलावतायत. कालपासून दहा वेळा झालं, मी ओ दिलेली नाही. तोंड दाबून धरलंय. एकदा ओ दिली की झालं, एवढं मला अजून कळतं. म्हणून लवकर, यशोधरा, वही मिळेल त्याच दिवशी, टपाल निघायच्या आत, एका शब्दाचा तरी निरोप, कारण ती पुन्हा हाक मारतेय, आणि भूक लागलीय, आणि आवाज तिचा इतका ओळखीचा आहे की माझ्या तोंडातून आपोआप आलो ग आ